उसन्या स्वरांची गुंफण

'डीजे' हा शब्द आपल्याकडे घरोघर पोचला तो वाईट संगतीने पोचला. लग्नाच्या वरातीत किंवा विसर्जनाच्या मिरवणुकीत मालमोटारीवर रचलेली ध्वनिक्षेपकांची भिंत, तिच्या दणक्याने थरथरणारी खिडक्यांची तावदाने, आणि कानांत बोटे घालून दारे लावून घेणारी वडील माणसे, एवढेच चित्र या दोन अक्षरांनी आमच्या डोळ्यांपुढे उभे राहते. मौज अशी की, मुळात हे नाव माणसाचे. आपल्या बोलीने ते यंत्रास देऊन टाकले. 'डीजे आला' असे गल्लीतली मुले ओरडतात तेव्हा आलेली असते ती ध्वनिक्षेपकांची भिंत. तबकड्या निवडणारा, त्या एकीमागून एक लावणारा आणि एकीचा शेवट दुसरीच्या आरंभात मिसळून देणारा जो मनुष्य, त्याची कोणी विचारपूसही करीत नाही. प्रस्तुत लेखकही याच समजुतीत वाढलेला असल्यामुळे, या जातीच्या संगीताची एक तबकडी एका तरुण स्नेह्याने हाती ठेवली तेव्हा ती बरेच दिवस तशीच पडून राहिली. पुढे एका पावसाळी दुपारी ती ऐकण्यात आली, आणि मग पुनःपुन्हा ऐकण्यात आली. तिच्याविषयी चार शब्द लिहावयाचे ते केवळ तिची ओळख करून देण्यासाठी नव्हे. तिच्या निमित्ताने कलेतील एक जुना वाद पुन्हा उपस्थित होतो, आणि तो आपल्याही घरचा आहे.

तबकडीचे नाव 'ॲज हर्ड ऑन रेडिओ सोलवॅक्स, पार्ट टू' असे असून ती २००२ साली प्रसिद्ध झाली. कर्ते बेल्जियममधील गेंट शहरचे दोघे सख्खे भाऊ, स्टीफन आणि डेव्हिड देवाले. यांचे वडील त्या देशाच्या नभोवाणीवरील नामांकित निवेदक. तेव्हा लोकांस निवडून गाणी ऐकविण्याचा व्यवसाय या घरात बापापासूनचा आहे. 'सोलवॅक्स' या नावाचा त्यांचा स्वतःचा वाद्यवृंद आहे आणि त्यात ते स्वतः रचलेली गीते गातात व वाजवितात. परंतु दुसऱ्यांच्या तबकड्या वाजवावयास बसले म्हणजे ते 'टू मेनी डीजेज' असे नाव घेतात. त्याचे मराठी करावयाचे तर 'डीजेंची भाऊगर्दी' असे करता येईल. आणि कर्ते भाऊभाऊच असल्यामुळे आमच्या भाषेत या नावास जी कोटी आपसूक साधते, तिची त्या बापड्यांस कल्पना असण्याचे कारण नाही. सुमारे एक तासाच्या या संकलनात पंचेचाळिसांच्या आसपास गीतांचे तुकडे आहेत. गाणी सगळी परक्यांची. भावांचे काय असेल ते निवड, क्रम आणि जोड.

ही जोड कशी साधतात ते थोडक्यात सांगितले पाहिजे. कारण ज्या कारागिरीची रीत ठाऊक नाही तिचे मोल करणे अवघड. दोन तबकडीयंत्रे शेजारी शेजारी मांडलेली असतात आणि मध्ये दोहींचा आवाज कमीजास्त करण्याचे साधन असते. पहिली तबकडी श्रोत्यांस ऐकू येत असताना वादक दुसरी आपल्या कानावरील श्रवणयंत्रातून एकटा ऐकत असतो, आणि तिची लय पहिलीशी जुळवून, दोहींची सम एका ठिकाणी पडेल अशा क्षणी तिला मोकळी सोडतो. न्यूयॉर्कमध्ये एका जुन्या प्रार्थनामंदिरात थाटलेल्या 'सँक्च्युअरी' नामक नृत्यगृहात फ्रान्सिस ग्रासो याने १९७० च्या सुमारास ही हातोटी प्रथम लोकांपुढे आणली असे मानतात. पुढे जपानच्या मात्सुशिता कंपनीच्या 'टेक्निक्स १२००' या यंत्राची १९७९ साली सुधारलेली आवृत्ती निघाली. तिच्यात एक सरकती पट्टी असून तिने तबकडीचा वेग शेकडा आठपर्यंत वाढविता किंवा उतरविता येई. मात्र वेग वाढला की स्वरही चढतो. शेकडा सहा वेग वाढविला की काळी एकमधील गाणे जवळजवळ पांढरी दोनमध्ये जाते. म्हणजे लय जुळविताना पट्टी बिघडण्याची धास्ती, आणि पट्टी राखताना लय सुटण्याची. संगणक आल्यापासून स्वर न हलविता लय बदलणे शक्य झाले आहे. शिवाय नृत्यगीतांच्या काही तबकड्यांवर साथीविना केवळ कंठ वेगळा दिलेला असतो. त्यामुळे एकाचा कंठ दुसऱ्याच्या साथीवर बसविण्याची सोय झाली. प्रस्तुत संकलनाचा मुख्य चमत्कार याच युक्तीत आहे.

यावर पहिला आक्षेप उघडच आहे. ज्याने गाणे रचले नाही, गाइले नाही आणि वाजविलेही नाही, त्याचे नाव तबकडीवर ठळक अक्षरांत कशासाठी? दहा घरची ठिगळे गोळा करून गोधडी शिवणारास विणकर म्हणावयाचे की काय? हा आक्षेप वरवर बिनतोड दिसतो. परंतु तो स्वीकारला तर आपल्या घरचीही पुष्कळ सामग्री मोडीत काढावी लागेल. हरिदास पूर्वरंगास अभंग घेतो तो तुकोबांचा, निरूपणात ओवी आणतो ती ज्ञानोबांची, आणि उत्तररंगात आख्यान लावले म्हणजे वामनपंडितांचे श्लोक, मोरोपंतांच्या आर्या, मधूनच एखादी साकी किंवा दिंडी, अशी परकी ठेव तो एकामागून एक काढीत जातो. त्यात स्वतः रचलेले असे फार थोडे. तरी अमक्या बुवांचे कीर्तन रंगले आणि तमक्यांचे पडले, असे आपण म्हणतो. का म्हणतो? कोणत्या ओवीनंतर कोणती आर्या यावी, कथा कोठे थांबवावी, लय कोठे चढवावी, हे ज्यास कळले त्याचे कीर्तन रंगते म्हणून. तीच गोष्ट संगीत नाटकांची. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या १८८२ सालच्या 'सौभद्रा'ची छापील प्रत उघडावी. पदांच्या डोक्यावर 'चाल' म्हणून कोणत्या तरी दुसऱ्याच गाण्याचा निर्देश आढळतो. १९१६ साली रंगभूमीवर आलेल्या 'स्वयंवर' नाटकातील खाडिलकरांच्या पदांस भास्करबुवा बखले यांनी ख्यालगायकीतील चिजांवरून चाली दिल्या, आणि म्हणून त्या पदांस कोणी चोरीचा माल म्हटले नाही.

तेव्हा उसने घेणे हा स्वतः दोष नव्हे. प्रश्न एवढाच की, उसने घेतल्यावर त्याचे काय केले? आमच्या मते जोडकामाची कसोटी अशी. दोन वस्तू एकत्र आणल्या असता त्यांपैकी प्रत्येकीत पूर्वी न दिसलेले असे काही दिसू लागले, आणि त्या पुन्हा विलग करून पाहिल्यावरही ते दिसतच राहिले, तर ती जोड कलेची. नुसते आश्चर्य वाटले आणि ते दुसऱ्या खेपेस विरून गेले, तर ती हातचलाखी. तात्यासाहेब केळकरांनी वाङ्मयानंदाची मीमांसा करताना 'सविकल्प समाधी' हा शब्द योजिला होता. वाचक परक्या पात्राशी तद्रूप होतो, पण आपले आपलेपण सर्वस्वी विसरत नाही. आनंद आहे तो या दुहेरी अवस्थेत. दोन गाणी एकाच वेळी ऐकताना कानाची अवस्था काहीशी अशीच असावी लागते. दोहींचे मिळून तिसरेच काही झाले पाहिजे, आणि तरी दोन्ही ओळखू आली पाहिजेत. एकाने दुसऱ्यास गिळले तर समाधी आहे पण विकल्प नाही. दोन्ही नुसती शेजारी उभी राहिली तर विकल्प आहे पण समाधी नाही.

ही कसोटी लावून या संकलनातील काही जोडी पाहू. आरंभीच 'पीटर गन' हे वादन आहे. इमर्सन, लेक आणि पामर या इंग्रज त्रयीने श्रोत्यांसमोर वाजविलेले, भारदस्त, थोडेसे बढाईखोर. त्यावर 'बेसमेंट जॅक्स' या लंडनच्या जोडीच्या २००१ मधील 'व्हेअर्स युवर हेड ॲट' या गीतातील आरोळी बसविली आहे. आता या उसनवारीची वंशावळ पाहावी. 'पीटर गन'ची धून त्या त्रयीची नव्हेच. ती हेन्री मॅन्सिनी याने १९५८ साली एका दूरचित्रवाणी मालिकेसाठी रचिली. आणि ज्या गीतातून आरोळी घेतली, त्याचा मूळ वाद्यपाया गॅरी न्यूमन याच्या १९७९ मधील रचनेवरून उचललेला. म्हणजे ज्यांच्याकडून भावांनी उसने घेतले, तेही आधीच कोणाचे तरी ऋणको होते. निव्वळ स्वतःचे असे भांडवल या बाजारात कोणापाशीच नाही, हे पहिल्या दोनतीन मिनिटांतच ध्यानात येते. जोडही सार्थ आहे. कारण भारदस्त वादनाचा तोरा आणि आरोळीचा उर्मटपणा एकमेकांस चिमटे काढतात, आणि दोघांचाही आव थोडा उतरतो.

याहून श्रेष्ठ जोड 'नो फन' आणि 'पुश इट' या गीतांची. पहिले 'स्टूजेस' या अमेरिकन टोळीचे, १९६९ सालचे. मिशिगन प्रांतातील कंटाळलेल्या पोरांची ती तक्रार आहे. करमत नाही, करण्यासारखे काही नाही, एवढाच तिचा आशय, आणि गिटारही तेवढीच, दोनतीन सुरांच्या पलीकडे न जाणारी. दुसरे 'सॉल्ट-एन-पेपा' या न्यूयॉर्कच्या मुलींचे, १९८७ सालचे. त्यात नृत्याचे आव्हान आहे, ठसका आहे, पण यंत्रावर वाजविलेला ठेका थोडा गुळगुळीत. या दोघांची गाठ कोणा शहाण्याने घातली नसती. एक गोऱ्या पोरांची गिटार, दुसरी काळ्या मुलींची वाणी, आणि ऐकणारे वर्गही अगदी निराळे. भावांनी मुलींचा कंठ त्या गिटारीवर बसविला मात्र, दोहींचे रूप पालटले. कंटाळलेल्या गिटारीस एकाएकी कामधंदा मिळाला, आणि मुलींच्या आवाजास जी खरखरीत जमीन हवी होती ती पायांखाली आली. आम्ही नंतर मूळची दोन्ही गीते मुद्दाम वेगवेगळी ऐकली. 'नो फन'मध्ये नाचण्याची सुप्त इच्छा पूर्वीपासूनच होती हे तेव्हा उमगले. ती भावांनी आत घातली नाही. आत होती ती ऐकविली. चांगला टीकाकार जुन्या काव्याविषयी जे काम करतो, तेच हे.

तिसरे उदाहरण अधिक कोमल आहे. डॉली पार्टन या अमेरिकन गायिकेचे 'नाइन टु फाइव्ह' हे १९८० मधील गीत, त्याच नावाच्या चित्रपटासाठी रचिलेले. कचेरीत नऊ ते पाच राबणाऱ्या, आणि श्रेय साहेबास जाताना पाहणाऱ्या बाईची ती हसतमुख कुरकुर आहे. आपल्या कृत्रिम नखांवर नखे घासली असता टंकलेखनयंत्रासारखा आवाज निघतो हे बाईंच्या ध्यानी आले, आणि त्या आवाजावरच हे गीत त्यांस सुचले, अशी त्याची जन्मकथा आहे. मूळ गीतात ही लगबग, हा खडखडाट भरपूर. भावांनी त्याच्याशी नॉर्वेच्या 'रॉयक्सॉप' या जोडीचे 'एप्ले', म्हणजे 'सफरचंद', हे २००१ मधील निःशब्द वादन जुळविले आहे. दुरून येणाऱ्या घुंगरांप्रमाणे खळखळणारी ती एक धून आहे. आणि तीही बॉब जेम्स या अमेरिकन वादकाच्या १९७५ मधील तबकडीतील एका तुकड्यावर उभारलेली. जोड होताच कचेरीचा खडखडाट मागे पडतो आणि बाईंच्या आवाजातील थकवा वर येतो. तक्रार तीच, शब्द तेच. पण आता ती साहेबाविरुद्ध राहिली नाही. पहाटे उठून डबा भरणाऱ्या आणि गाडी गाठणाऱ्या कोणाही माणसाने स्वतःशीच गुणगुणावी अशी ती झाली. संकलनाच्या शेवटाकडे हा भाग येतो तेव्हा तासभर चाललेल्या धांदलीवर एक शांत सायंकाळ उतरल्यासारखी वाटते. एवढ्या एका स्थलासाठीही ही तबकडी संग्रही ठेवण्याजोगी आहे.

परंतु गुणांबरोबर दोषही सांगितले पाहिजेत. सर्वच जोडी या तोलाच्या नाहीत. 'डेस्टिनीज चाइल्ड' या गायिकात्रयीचे २००० सालचे 'इंडिपेंडंट विमेन' हे गीत '१० सीसी' या इंग्रज टोळीच्या १९७८ मधील 'ड्रेडलॉक हॉलिडे'वर बसविले आहे. एकात आपले दागिने आपल्याच पैशांनी घेणाऱ्या स्वावलंबी स्त्रिया, आणि दुसऱ्यात परमुलुखी गेलेला, गळ्यातील चांदीची साखळी जाते की काय या भयाने गांगरलेला इंग्रज. अर्थाच्या अंगाने यातून पुष्कळ चातुर्य काढता येईल. पण ते टीकाकाराच्या लेखणीत राहते, कानास त्याचा प्रत्यय येत नाही. प्रथम हसू येते, आणि दुसऱ्या वेळी काहीच येत नाही. शिवाय घाई फार. तासाभरात पंचेचाळीस तुकडे म्हणजे सरासरीने एकास दीड मिनिटही लाभत नाही. पंगतीत पहिला पदार्थ तोंडात घालावा तो वाढप्याने दुसरा वाढावा, अशी स्थिती काही ठिकाणी होते. हरिदासास जे विश्रांतिस्थान ठाऊक असते, ते या तरुण भावांस क्वचितच सुचलेले दिसते. एकदोन गीतांची भाषाही अशी आहे की घरातील सर्व मंडळींसमोर ती मोठ्याने लावू नये. ही सूचना देणे आमचे कर्तव्य आहे.

आता ज्या वादाचा आरंभी उल्लेख केला त्याकडे वळू. या तबकडीच्या वेष्टनावर कर्त्यांनी एक हिशेब छापला आहे, आणि आमच्या मते तो तबकडीइतकाच वाचनीय आहे. एकंदर १८७ गीतांसाठी त्यांनी मालकांची परवानगी मागितली. ८६५ ई-पत्रे आणि १६० फॅक्स पाठविले, शेकडो वेळा दूरध्वनी केले. या खटपटीत पुष्कळ काळ गेला. ११४ जणांचा होकार आला, ६२ जणांनी नकार दिला, आणि ११ गीतांच्या मालकांचा पत्ताच लागला नाही. म्हणजे आज आपण ऐकतो ते संकलन भावांच्या मनातील संकलन नव्हे. नकारांच्या चाळणीतून खाली उतरले तेवढे ते आहे. या मालेतील भाग दुसरा तेवढा राजरोस दुकानात आला, तोही याच कारणाने. दोनच वर्षांनी, २००४ साली, 'डेंजर माउस' या अमेरिकन कलावंताने बीटल्सच्या वाद्यांवर जे-झीचा कंठ बसवून 'द ग्रे अल्बम' केला. त्याने परवानगी मागितली नाही. तेव्हा बीटल्सच्या तबकड्यांची मालक ईएमआय कंपनी हिने वितरण थांबविण्याची नोटीस धाडली, आणि त्यावर श्रोत्यांनी त्या वर्षीच्या २४ फेब्रुवारीस आंतरजालावर ते संकलन मुद्दाम वाटून निषेध केला.

या दोन वाटांपैकी रसिकाने कोणती बरी म्हणावी? कायद्याच्या बाजूने उत्तर सोपे आहे, आणि कंपन्यांच्या मूठभर मालकीविरुद्ध श्रोत्यांचा जो रोष आहे तोही निराधार नाही. आम्हांस मात्र त्या हिशेबातील ११ हा आकडा सर्वांत अधिक बोलका वाटतो. गाणे लोकांच्या कानांत आहे, ते हवेहवेसे वाटते, आणि ते कोणाचे हे सांगणारा कोणी नाही. आपल्या नाट्यपदांच्या माथ्यावर 'चाल' म्हणून मूळ गाण्याचे आरंभीचे शब्द छापीत. परंतु ती चाल बांधणाऱ्या गवयाचे किंवा लोकगायिकेचे नाव बहुधा छापीत नसत. म्हणजे आपल्या पूर्वजांनी उसने घेतल्याची कबुली दिली, पण धनकोचे नाव लिहून ठेवले नाही. या भावांनी वेष्टनावर प्रत्येक तुकड्याचे नाव आणि गाव लिहिले आहे, आणि जे सापडले नाहीत त्यांचीही संख्या सांगितली आहे. या बाबतीत ते आपल्याहून प्रामाणिक ठरतात हे मान्य केले पाहिजे.

परवानगीपत्राने कायद्याचे ऋण फिटते. मूळ कृतीचे ऋण मात्र ती पुन्हा ऐकावीशी वाटायला लावूनच फेडावे लागते. 'नो फन' आणि 'नाइन टु फाइव्ह' या दोन्ही गीतांचे ऋण या तबकडीने व्याजासह फेडले आहे. काहींचे ती देणे लागते. आज आपल्याकडील तरुणही जुनी नाट्यपदे, लावण्या आणि भावगीते घेऊन त्यांवर विद्युद्वाद्यांचा ठेका बसवीत आहेत, आणि घरातील वडील मंडळी ते ऐकून कपाळास हात लावीत आहेत. दोन्ही पक्षांस आमची विनंती आहे. वडिलांनी 'हे परक्याचे घेतले' एवढ्यावर निकाल देऊ नये. आपण ज्या पदांवर वाढलो तीही उसन्या चालींवर उभी होती. आणि तरुणांनी जुने गाणे हाती घेण्यापूर्वी ते सबंध, शांतपणे, निदान दहा वेळा ऐकावे, आणि ते कोणाचे याचा शोध करून त्याचे नाव लिहावे. देवाले बंधूंनी हे दोन्ही केले. तबकडी ऐकावयाची असल्यास बेताच्या आवाजात ऐकावी; तिच्यातील बारकावे खिडक्या हादरवून ऐकू येणारे नाहीत.